स्वेटरपायी शेत? सहा वर्षं, सहा मेंढ्या आणि एक मफलर

प्रश्न थोडक्यात असा आलाय. बोरिवलीला राहणारी मुलगी, वय ३४, आयटीत नोकरी, निम्मे दिवस घरूनच काम. लॉकडाऊनमध्ये यूट्यूब बघून विणायला शिकली, आता स्वेटर, मोजे, शाली सगळं करते, आणि डोक्यात असं आलंय की कर्जत नाहीतर मुरबाडकडे एकरभर जमीन घ्यायची, १०-१५ मेंढ्या पाळायच्या, स्वतःची लोकर, स्वतःच सूत काढायचं, रंगवायचं, त्याचे स्वेटर करून विकायचे, जोडीला दोन खोल्या शनिवार-रविवार पाहुण्यांना द्यायच्या. नवरा हो म्हणतोय, सासूबाई नाही म्हणतायत, मुलगी ६ वर्षांची. "काकू, तुम्ही हे केलंय, जमण्यासारखं आहे का ते खरं खरं सांगा." आणि जाता जाता एक बारका प्रश्न, घोंगडीच्या लोकरीला कितव्या नंबरची सुई लागते.

काकू म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगं करते. सुईचं शेवटी सांगते, आधी मोठं प्रकरण.

मी केलंय म्हणजे नक्की काय केलंय ते ऐक, नाहीतर उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं होईल. मी डोंबिवलीची, फोर्टात २१ वर्षं अकाउंट्सची नोकरी केली, २०१३ मध्ये सोडली आणि आम्ही दोघं मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या अंगाला, सासऱ्यांची जमीन होती तिथे राहायला गेलो. सहा वर्षं सलग राहिलो. २०१९ पासून निम्मं तिथे निम्मं इथे असं चाललंय. मेंढ्या पाळल्या, सहा घेतल्या होत्या, आता एकही नाही. लोकर मात्र आजही धुते, कातते, विणते. हे विकत घेतलेलं शहाणपण आहे, म्हणून जरा लांबण लागेल, ऑफिसच्या मीटिंगमध्ये वाचू नकोस.

तुझ्या प्रश्नात दोन वेगळ्या हौशी एकमेकींना बांधल्यात असं मला वाटतं, एक लोकरीची आणि एक शेतावर राहायची. मीपण तेच केलं होतं. डोळ्यासमोर चित्र काय असायचं, तर पडवी, समोर पाऊस, मांडीवर लोकरीचा गुंडा, चहा. त्या चित्रात मेंढी कुठेतरी लांब चरत असायची आणि तिला कधी जुलाब झालेले नसायचे. लोकर शेताशिवाय मिळते, आणि शेतावर गेलीस की विणायला वेळ उरत नाही, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं म्हणा.

मेंढीपासून सुरुवात करू. आपल्याकडची मेंढी म्हणजे दख्खनी. बहुतेक काळी, काही काळ्यापांढऱ्या, अंगाने काटक. ती नगर, सोलापूर, सातारा, सांगली, पुणे या भागातल्या कोरड्या माळावरची, जिथे वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. कर्जत-मुरबाडला अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो, तोही चार महिन्यांत. माळशेज घाट एवढा जवळ, पण घाटाच्या वरचं आणि खालचं हवामान मेंढीच्या दृष्टीने दोन वेगळे देश आहेत. धनगरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पारनेरकडचे, ढवळपुरीच्या बाजूचे कळप दिवाळीनंतर घाट उतरून आपल्याकडे येतात, भात कापून झालेल्या खाचरांत मेंढरं चारतात, शेतकरी त्यांना रात्री शेतात बसवून घेतात कारण लेंड्या-मुताचं खत फुकट पडतं (फुकट म्हणजे धान्य किंवा पैसे द्यावे लागतात, पण युरियाच्या मानाने फुकटच), आणि पावसाच्या आत कळप परत वर. म्हणजे ज्यांचा हा धंदा आहे तेच पावसाळ्यात कोकणात मेंढी ठेवत नाहीत. मला ते दिसत होतं, दर वर्षी माझ्याच शेतात वाघर (मेंढरांभोवतीची जाळी) लावून धनगरांचा वाडा, म्हणजे कळपासकटचा मुक्काम, बसायचा, आणि तरी मी त्याच वाड्यावरून पाच माद्या आणि एक नर विकत घेतला. वाड्यावरची म्हातारी मला म्हणाली, "बाई, पावसात काय करशीला?" मी म्हटलं पक्की शेड बांधलीय. ती काही बोलली नाही, नुसती हसली आणि पैसे मोजून कमरेला लावले.

जुलैत खूर सडायला लागले. शेडमध्ये जमीन कोरडी होती पण हवेतच इतकी ओल असते की लोकर पाठीवर वाळतच नाही, आतून कुबट वास यायला लागतो. खुराच्या बेचक्यात चिखल अडकतो, तिथे कुजतं, मेंढी पुढचे गुडघे टेकून चरायला लागते, हे दिसलं की समजायचं उशीर झालाय. रोज सहा जणींचे, नाही नर धरून सहांचे, मिळून चोवीस पाय, एकेक धरून मोरचुदाच्या पाण्यात बुडवायचे, पाठ मोडते. त्यातून वाचल्या तर सप्टेंबरात एकीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली, मला वाटलं काहीतरी चावलं, डॉक्टर म्हणाले लिव्हर फ्लूक. भाताच्या खाचरात, पाणथळीला ज्या बारक्या गोगलगायी असतात त्यांच्यातून ते येतं, मेंढी तिथलं गवत खाते आणि जंत यकृतात जाऊन बसतात. ती गेली, आठ दिवसांनी दुसरी गेली. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचली होती, पीपीआर या साथीच्या रोगाची टोचली होती, मी मनातल्या मनात स्वतःला पास करून टाकलं होतं. जंताचं औषध मात्र एकदाच दिलं होतं, आणि तेही फ्लूकवर चालणारं नव्हतं. आता डोळे मिटून सांगेन, मेंढ्याच पाळायच्या असतील तर घाटाच्या वर जा, कर्जत-मुरबाडला कोंबड्या पाळ, शेळ्या पाळ, त्या निदान आडोसा शोधतात.

आता लोकर. तुझ्या हातात सध्या जे लोकरीचे गुंडे असतात, मेरिनोचे वगैरे, त्यातला केस १७ ते २२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो. साधारण ३० मायक्रॉनच्या वर गेला की कातडीला टोचायला लागतो. दख्खनीची लोकर ४० च्याही वर. शिवाय तिच्यात नुसती लोकर नसते, जाड राठ केसही मिसळलेले असतात. म्हणून तिची घोंगडी होते, स्वेटर होत नाही. घोंगडी अंगावर घेतली की पाणी वरच्या वर ओघळतं, खाली अंथरली की ओल वर येत नाही, ती वर्षानुवर्षं टिकते, त्या कामाला ही लोकर एक नंबर. पण ती गळ्याला लावून बघ. मी पहिल्या वर्षी मोठ्या हौशीने ह्यांच्यासाठी मफलर विणला, स्वतःच्या मेंढीची, स्वतः धुतलेली, स्वतः कातलेली. ह्यांनी तो एक संध्याकाळ घातला, बोलले काही नाहीत, दुसऱ्या दिवशी मानेभोवती लाल पट्टा. आता तो मफलर बादलीखाली असतो, फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून.

कोणी सांगेल, मग मेरिनो पाळ. मेरिनो आणि रॅम्बुले या परदेशी जातींचं रक्त दख्खनीत मिसळायचे प्रयोग आपल्याकडे सरकारी पातळीवर झालेले आहेत, पण माळावर जाऊन बघ, काळी दख्खनीच दिसते. त्याचं कारण समजून घे, कारण ते तुझ्या हिशोबाला लागू आहे. महाराष्ट्रात मेंढीचा पैसा लोकरीत नाहीच, कोकरात आहे. एक दख्खनी मेंढी वर्षात दोनदा कातरली तरी अर्धा-पाऊण किलो लोकर देते आणि ती विकून बऱ्याचदा कातरणावळसुद्धा सुटत नाही, लोक बांधावर टाकून देतात. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, त्यांनी सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळी देणारा जीन दख्खनीत आणून नारी सुवर्णा तयार केली, ती कशासाठी तर जास्त कोकरं व्हावीत म्हणून. जत तालुक्याची माडग्याळ मेंढी एवढी नावाजलेली, तीही अंगाने भरते म्हणून. सगळं गणित मटणाचं आहे.

हे तू स्वतःला विचारलंयस का? मेंढी गाभण राहिली की पाच महिन्यांनी विते, विणाऱ्या बाईला ते क्रियापद ऐकून हसू येईल पण पुढचं ऐक. निम्मी पोरं नर होणार. नर किती ठेवणार? एका कळपाला एक पुरतो. बाकीचे बाजारात न्यायचे. लोणंदच्या बाजारात जाऊन ये एकदा, कोणी भावनेने उचलत नाही, पाठीवरून हात फिरवून मांस किती निघेल ते बघतात. माझ्याकडे पहिलं कोकरू झालं तेव्हा भाची आली होती सुट्टीला, तिने नाव ठेवलं बुंदी. संपलं. बुंदीला विकायचं म्हटलं की फोनवर रडारड. तो बुंदी दोन वर्षं खाऊन खाऊन एवढा थोराड झाला की अंगणात कोणी वाकलं रे वाकलं की मागून धडक, पोस्टमन फाटकाबाहेरून हाका मारायचा. शेवटी वाड्यावरच्या त्या म्हातारीला फुकट देऊन टाकला आणि त्याचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. तुझी मुलगी ६ वर्षांची आहे. ती पहिल्या दिवशी नाव ठेवणार.

बरं, लोकर हातात आली असं धर. कातरलेली लोकर म्हणजे तुला वाटतंय तसा ढग नसतो. त्यात कुसळं, गोखरू, वाळकी लेंडी, गोचीड, माती, घामाचा चिकटपणा. धनगर कातरण्याआधी मेंढरं ओढ्यात घालून धुतात ते त्यासाठीच. मी पहिल्यांदा धुतली तेव्हा कपडे धुतो तशी धुतली. कढत पाणी, साबण, खसाखसा चोळली, मग नळाखाली धरली गार पाण्यात. पाऊण किलो लोकरीचा एका तासात घट्ट गठ्ठा झाला, कुऱ्हाडीने तोडावा असा. लोकरीला गरम पाणी चालतं, चोळणं चालत नाही आणि गरमातून गारात चालत नाही, तिच्या केसावर खवले असतात ते एकमेकांत अडकून बसतात. अर्थात जेन, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेलं जाड अंथरूण, असंच करतात, मुद्दाम, पण मला जेन नको होतं.

आता मी अशी धुते. आधी लोकर चाळणीवर पसरून हाताने झाडायची, दिवसभर उन्हात, अर्धी घाण तिथेच पडते. मग मोठ्या घमेल्यात हात बुडवला तर काढून घ्यावासा वाटेल एवढं कढत पाणी, साठ अंशाच्या आसपास, त्यात रिठ्याचं पाणी. लोकर वरून अलगद ठेवायची, ती आपणहून बुडते, ढवळायची नाही, काठीने नुसती दाबायची. वीस मिनिटं. पाणी चहासारखं होतं, मग काळ्या चहासारखं. लोकर चाळणीने उचलायची, पाणी ओतून द्यायचं (लिंबाच्या झाडाला, झाड खूश), परत तेवढंच गरम पाणी. असं तीन-चार वेळा, शेवटची दोन नुसती पाण्याची. पिळायची नाही, जुन्या टॉवेलात गुंडाळून दाबायची, सावलीत पसरायची. सुकल्यावर वजन कर, निम्म्याच्या थोडी वरच उरते. आणि हो, पावसाळ्यात धुवायची नाही, सुकत नाही, वास धरते. कसर लागते ती वेगळी. मी एकदा अख्खी गोणी माळ्यावर ठेवून डोंबिवलीला आले होते, परत गेले तर कसर लागून अर्ध्याची भुकटी आणि उरलेल्यात उंदरीण बाळंत.

विंचरायला परदेशी कार्डर महाग पडतात. कुत्र्याचे केस विंचरायचे तारेचे ब्रश मिळतात ना, त्यातले दोन घे, चालतात, मी अजून तेच वापरते. कातायला चरख्याच्या मागे लागू नकोस, आपला पेटीचरखा कापसासाठी, त्याच्यावर लांब राठ लोकर शिकायला अवघड जाते. तकली घे, जरा जड. पहिलं सूत अळीसारखं येईल, कुठे बारीक कुठे जाड. साधारण महिनाभर रोज अर्धा तास केलंस की जमतं. हे सगळं, नीट वाच, बोरिवलीच्या बाल्कनीत होतं. शेत लागत नाही.

आता वेळेचं बोलू. हे मला सगळ्यात लागलेलं आहे.

एका मोठ्या माणसाच्या स्वेटरचे टाके कधी मोजलेस? मी अकाउंट्सवाली, मोजलेत. छाती १०० सेंटीमीटर, १० सेंटीमीटरला २० टाके, म्हणजे गोलात २०० टाके, उंचीला १६८ ओळी, धड झालं ३३,६०० टाके. दोन बाह्या धरून ५० हजारांच्या घरात. मिनिटाला २५-३० टाके पडले, तेही सुलट-उलट साधे, तरी तीस तास. मी नोकरीत असताना डोंबिवली ते सीएसएमटी फास्ट ट्रेनने सव्वा तास, जायचे-यायचे मिळून अडीच. लेडीज डब्यात कोपर लागून भांडणं नकोत म्हणून वायरवाल्या गोल सुया घ्यायचे. सकाळी उभी असले तर नाही, पण ठाण्यानंतर जागा मिळाली की सुया बाहेर. पंधरा दिवसांत स्वेटर. डब्यातल्या बायकांची बाळंतपणं मी टोपडी-मोज्यांवर मोजलीत. २०१२ मध्ये मी अकरा स्वेटर विणले, वहीत लिहून ठेवलंय.

शेतावर गेल्यावर पहिल्या वर्षभरात काय विणलं? तो मफलर.

का? सकाळी साडेपाचला उठायचं, मेंढ्या, कोंबड्या, पाणी, वीज आहे तोवर मोटर लावायची, वीज गेली की यायची वाट बघायची, गडी आला नाही तर त्याचं काम आपलं, भात लावणी, बेणणी, कापणी, झोडणी, मध्येच कोणीतरी येऊन बसतं तासभर, गावात त्याला नाही म्हणता येत नाही. संध्याकाळी अंगात जीव नसतो आणि दिवा कमी. पण वेळ काढला असता गं मी. वेळेपेक्षा हात. बेणणी करून, विळा धरून, माती लागून बोटांना भेगा पडतात, नखाच्या कडेला कातडी खरखरीत होते. मग मऊ लोकर हातात घेतली की प्रत्येक टाक्याला धागा त्या भेगेत अडकतो. तुझी बोटं आता गुळगुळीत आहेत, तुला कल्पना येणार नाही. चार टाके घातले की धागा खेचला जातो, दोरे निघतात, चिडचिड होते, ठेवून देतेस. रात्री खोबरेल तेल, तूप, मेण, सगळं करून झालं. शेजारच्या एका बाईला मी मोठ्या उत्साहाने क्रोशा शिकवायला बसले होते, तिने सुई धरली, हसली, म्हणाली, ताई, हे हात भाकरीचे.

पैशाचं लवकर उरकते. तीस तासांच्या स्वेटरचे तासाला नुसते शंभर धरले तरी तीन हजार मजुरी, लोकरीचे वेगळे, आणि मुंबईत स्वेटर लागतो कोणाला, जानेवारीतले आठ दिवस, तेही पहाटे. मशीनचा स्वेटर ह्याच्या कितीतरी खाली मिळतो. मुंबईत हाताचं काय खपतं तर बाळाचं. कुंची, टोपडं, बूट, छोटी रजई, तेही कॉटनमध्ये किंवा मऊ अॅक्रिलिकमध्ये. दख्खनी लोकरीचं करायचंच असेल तर अंगाला न लागणाऱ्या वस्तू कर, आसनं, पिशव्या, भिंतीवर लावायचे पडदे, गरम भांड्याखालचे चौकोन. माझी आसनं जातात, पूजेला लोकरीचं आसन लोकांना हवं असतं. एका आसनाला तीन संध्याकाळी. वर्षाला विजेचं बिल निघतं त्यातून, त्याला धंदा म्हणायचं तर म्हण. होमस्टेबद्दल एवढंच, शनिवार-रविवार पाहुणे म्हणजे शनिवार-रविवार तू मोलकरीण, आणि ते विचारणार वायफाय का स्लो आहे.

जमिनीचं मात्र नीट ऐक, इथे लोक बुडतात. आमचं बरं होतं, सातबारावर सासऱ्यांचं नाव होतं, वारसाने आलं. तू किंवा नवरा, कोणाच्या तरी नावावर महाराष्ट्रात शेतजमीन आहे का? नसेल तर कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे तुम्ही शेतकरी नाही आणि परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. माहेरी-सासरी कुठेतरी सातबारात नाव निघतंय का ते आधी शोध, गावी एखादा काका असतोच. नाव नसलं की एजंट म्हणतो, मॅडम पाच गुंठे घ्या, सगळं मी बघतो. एकर म्हणजे ४० गुंठे, त्याचे पाच-पाचचे तुकडे पाडून फार्महाऊस म्हणून विकतात, तुकडेबंदी कायद्यामुळे वेगळा सातबारा होत नाही, मग एकाच सातबारावर आठ-दहा नावं सामायिक, उद्या त्यातल्या एकाने कोर्टात गेलं की सगळे अडकले. सातबारावर भोगवटादार वर्ग २ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) लिहिलेलं असेल तर थांब. आदिवासी खातेदाराची जमीन असेल (मुरबाड, कर्जत, शहापूर सगळीकडे आहेत) तर तिकडे बघूच नकोस, ती तुला सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही आणि घेऊही नये. इतर हक्कात वन असं काही दिसलं तर तिथूनच परत फिर. फेरफार मागे मागे जाऊन वाच, जमिनीच्या जुन्या व्यवहारांचा तीस वर्षांचा सर्च वकिलाकडून काढ, वकील एजंटने दिलेला नको. आणि रस्ता. कागदावर रस्ता. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने दीड एकर घेतलं, पुढच्या शेतकऱ्याने दोन वर्षांनी बांध घातला, आता ते लोक आपल्या घराला चालत जातात, गाडी अर्धा किलोमीटर लांब लावून.

जमीन बघायला मे महिन्यात जा. ऑगस्टमध्ये कोकण कुठेही सुंदर दिसतं, एजंट त्याच वेळी नेतात. एप्रिल-मेमध्ये विहिरीत वाकून बघ, तळ दिसतोय का ते.

मग माझ्या मते काय कर. जमीन घेऊ नकोस, निदान आत्ता. एक पावसाळा भाड्याने राहा, १ जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत, घरून काम आहेच, मुरबाड-सरळगाव-टोकावडे पट्ट्यात घरं मिळतात. मुलीच्या शाळेचं काय हे तू आणि नवरा ठरवा, मी त्यात पडत नाही. सासूबाईंना चार दिवस बरोबर ने. त्या नाही म्हणतायत म्हणजे त्यांनी कदाचित खेड्यात दिवस काढलेत, त्यांना विचार तरी, रात्री पाणी भरायला कोण उठायचं त्यांच्या घरी. चार महिने राहून सप्टेंबरात अजून मेंढ्या हव्या वाटल्या तर कोकणात नको, घाटावर शोध, आणि आधी पुण्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाकडे चौकशी कर, त्यांची प्रशिक्षणं असतात, दहिवडीला त्यांचा फार्म आहे तो बघून ये. दोन मेंढ्यांनी सुरुवात कर, पंधरांनी नाही. मेंढी एकटी राहत नाही, ओरडून जीव काढते, म्हणून दोन.

आणि नुसती लोकर हवी असेल, जे मला वाटतंय की तुला हवीय, तर डिसेंबर-जानेवारीत इकडे ये. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा असते, बैलबाजार बघ, घोंगड्या बघ, हातात घेऊन उलटून बघ. हाताच्या घोंगडीला चिंचोक्याची खळ लावलेली असते, नवी असताना पुठ्ठ्यासारखी कडक लागते आणि वास येतो, तो वास आला तर समज खरी. गुळगुळीत मऊ आणि चार रंगांची असेल तर बाहेरून आलेलं ब्लँकेट. त्याच सुमाराला माझ्या शेतात वाडा बसलेला असतो. म्हातारी आता नाही, तिची सून येते. तिच्याकडे कातरलेली लोकर मागितलीस तर ती हसेल पण देईल, फुकट घेऊ नकोस. कोकरांची पहिली, जावळाची लोकर असेल तर तीच माग, ती त्यातल्या त्यात मऊ. दोन किलो घे. बोरिवलीला नेऊन धू, विंचर, कात, आणि मग बघ तुला हे दहा वर्षं करायचंय का. कल्याणहून मुरबाडची एसटी धर, जुनी सलवार घाल, चपला नको, बूट. बाथरूममध्ये धुणार असशील तर जाळीवर कापड लाव, माझा डोंबिवलीचा पाइप त्यानेच तुंबला होता आणि खालच्या मजल्यावरच्या बाई अजून बोलत नाहीत.

हां, सुई. घोंगडीचं सूत एकेरी आणि जाडंभरडं असतं, त्याला आपल्याकडची ४ नंबर घे, म्हणजे ६ मिलिमीटर. आपल्या नंबरात आकडा लहान तशी सुई जाड, यूट्यूबवाल्या अमेरिकन बायकांच्या नंबराशी गोंधळ करू नकोस. टाके सैल घाल, हे सूत ताणत नाही, तुटतं. आणि स्टीलचीच घे, लाकडी सुईवर ते सरकत नाही, अडकतं आणि दात खाल्ल्यासारखं करकर वाजतं.